त्रिकोणाचा वाटा

"ये तो कीमे में जाता है, भाईसाब."

खाटकानं माझ्या फोनवरचं चित्र दोन बोटांनी मोठं केलं, मान वाकडी करून पाहिलं आणि फोन परत माझ्या हातात दिला. न्यू जर्सीतलं त्या शनिवारचं हे माझं चौथं दुकान. पहिल्या दोन सुपरमार्केटांत काचेमागं उभ्या असलेल्या पोरांना 'ट्राय-टिप' हे नावच ठाऊक नव्हतं. त्यातल्या एकानं तर प्रामाणिकपणे विचारलं, "मासा आहे का?" तिसरं दुकान जुन्या इटालियन खाटकाचं. त्याला नाव माहीत होतं. "कॅलिफोर्नियावाल्यांचं खूळ ते," तो म्हणाला. "इथं मागतं कोण? हवं असेल तर अख्खा खोका मागवावा लागेल." खोक्यात किती तुकडे असतात ते ऐकून मी मुकाट्यानं बाहेर आलो. आमच्या फ्रीजरमध्ये खवलेला नारळ, सोललेले पावटे आणि आईनं करून ठेवलेल्या शेंगांच्या पोळ्या आधीच चाळीतल्या बिऱ्हाडांसारख्या दाटीनं राहतात.

चौथा दुकानदार कराचीचा. दुकान हलाल, फरशीवर ताजा भुसा, भिंतीवर मक्केचं कॅलेंडर. "अंडरकट ले जाइये ना, मक्खन जैसा है," त्यानं समजावलं. अंडरकट हा शब्द अमेरिकेत कुणाला कळत नाही; मुंबईत, गोव्यात आणि कराचीत कळतो. पाठीच्या कण्याखालचा तो मऊसूत पट्टा जगात सगळीकडं महाग, कारण तो शिजवायला अक्कल लागत नाही. मला तो नको होता. मला हवा होता कमरेच्या हाडाच्या टोकापासून गुडघ्याकडं उतरणारा एक त्रिकोण. मी स्वतःच्याच खुब्यावर बोट ठेवून दाखवलं. दुकानात उभी असलेली एक बाई हसली. खाटीक हसला नाही. त्यानं माझ्या खुब्याकडं धंद्याच्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाला, "जुमेरात को आइये. पिछला हिस्सा आएगा तब देखेंगे."

म्हणजे गुरुवारी.

या त्रिकोणाची आणि माझी ओळख बरीच जुनी. कॅलिफोर्नियात नोकरी लागली त्या पहिल्या वर्षी आम्ही तिघं मित्र सॅन होजेहून लॉस अँजेलिसकडं निघालो होतो. हमरस्ता क्रमांक 101 समुद्राला धरून, सोडून, परत धरून जातो. साधारण अर्ध्या वाटेवर सांता मारिया लागतं. गाव म्हणून पाहायला काही नाही. सपाट खोरं, स्ट्रॉबेरीची आणि ब्रोकोलीची शेतं, शेतांत ओणवे झालेले मेक्सिकन मजूर. त्यातले पुष्कळ जण वाहाकातले मिश्तेक, ज्यांना स्पॅनिशही दुसरी भाषा. शनिवार होता. गावातल्या ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर एका पार्किंगच्या जागेतून धूर निघत होता आणि धुराला असा वास होता की गाडी चालवणाऱ्यानं कुणाला न विचारता उजवीकडं वळवली. शाळेच्या बँडपथकासाठी पैसे गोळा करायला पालकांनी लोखंडी भट्टी लावलेली. पावात मांसाच्या पातळ चकत्या, वर टोमॅटो-मिरचीची कच्ची चटणी. तिघांपैकी एकानं मक्याचं कणीस घेतलं. उरलेल्या दोघांनी दोन-दोन पाव खाल्ले आणि नंतर गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. (कणीसवाला रागावून, आम्ही समाधानानं.)

परतीच्या वाटेवर मी तिथल्याच दुकानातून एक तुकडा घेऊन आलो आणि घरी त्याची माती केली. भाजला बरा होता. मग बसलो सुरी घेऊन आणि सोयीचं वाटेल तसं लांबीच्या दिशेनं कापत सुटलो. ते मांस चावताना सुंभ चावल्यासारखं झालं. दोष कुठं आहे ते तेव्हा कळलं नाही. मांस शिळं असेल असं समजून दुकानदाराला शिव्या दिल्या. तो बिचारा निर्दोष होता, हे कळायला मध्ये काही वर्षं जावी लागली.

तर, ट्राय-टिप. वजन पाऊण ते सव्वा किलो, आकार फेकलेल्या बूमरँगसारखा किंवा घाईत वळलेल्या समोशासारखा. एका बाजूला चरबीचा पांढरा थर. एका जनावरात हे असे दोनच निघतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. जगात ज्या ज्या ठिकाणी लोकांनी हा तुकडा वेगळा काढला तिथं त्याला लाडाचं नाव मिळालं. अर्जेंटिनात तो 'कोलिता दे कुआद्रिल', पुठ्ठ्याची शेपटी. ब्राझीलमध्ये 'मामिन्या'. जर्मनीत त्याला 'ब्युर्गरमाइस्टरश्ट्युक' म्हणतात, म्हणजे नगराध्यक्षाचा तुकडा; आणि काही भागांत 'पास्टोरेनश्ट्युक', म्हणजे धर्मगुरूचा तुकडा. गावात मोठा कोण यावर एकमत नसलं तरी चांगला तुकडा कुठला यावर एकमत आहे, एवढं त्यावरून कळतं. अमेरिकेच्या बहुतेक भागात मात्र त्याला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नावच नव्हतं. तो कीम्यात जायचा, नाहीतर चौकोनी फोडी होऊन रश्श्यात.

त्याचं कारण चवीत नाही, हिशोबात आहे. जुन्या पद्धतीच्या दुकानात आठवड्याला समजा दोन जनावरं यायची. काचेच्या पेटीत मांडायला चार ट्राय-टिप. पहिल्या चार गिऱ्हाइकांनी नेले की पाचव्याला तोंड कसं दाखवायचं? त्यापेक्षा यंत्रात घातलेलं बरं. एखाद्या अवयवाला स्वतःचं नाव, स्वतःची किंमत आणि काचेमागं स्वतःची जागा मिळायला आधी जनावरांची गर्दी लागते.

सांता मारियात ती गर्दी झाली 1950च्या दशकात. गाव जी गोष्ट सांगतं ती अशी: सेफवे या दुकानाच्या मांस विभागात बॉब शुट्झ नावाचे खाटीक होते. एके दिवशी कीमा आधीच जास्त झालेला, त्रिकोणी तुकडे पडून. शुट्झनी एक तुकडा मीठ, मिरी आणि लसूण-मीठ चोळून फिरत्या सळईवर लावला. पाऊण तासानं कापून सगळ्यांना चाखायला दिला आणि मग तो नावासकट विकायला ठेवला. ओकलंड शहरातले ऑटो शेफर यांच्या नावानंही अशीच गोष्ट सांगितली जाते, त्याच दशकातली. शोध कुणी लावला या भांडणात मला रस नाही. पुरणपोळी कुठली यावर आपण जितका वेळ घालवतो तितका पुरे आहे. मला रस आहे तो गोष्टीतल्या एका तपशिलात: हा तुकडा साहेबानं शोधला नाही, शेफनं नाही, सुरी ज्याच्या हातात होती त्यानं शोधला.

आणि तो सांता मारियातच रुजला, कारण तिथं निखारे आधीपासून तयार होते.

गेल्या वर्षी या लेखाच्या निमित्तानं मी पुन्हा तिथं गेलो. गावाबाहेरच्या एका सभागृहामागं लग्नाचं जेवण होणार होतं आणि भट्टीवर होता सत्तरीपलीकडचा एक गृहस्थ. त्याचे पूर्वज पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून दुभत्या गाईंच्या धंद्यासाठी आलेले. आडनाव असं की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी वळूनही पाहिलं नसतं. भट्टीच्या कडेला त्यानं 'लिंग्विसा' नावाचे डुकराचे लालभडक सॉसेज भाजायला ठेवले होते. मी म्हटलं, गोव्यात याचा भाऊबंद असतो, त्याला आम्ही चोरीस म्हणतो, फक्त आमच्याकडं त्यात व्हिनेगर आणि मिरची जास्त. "मग तुमचाच बरा असणार," म्हातारा म्हणाला आणि कामाला लागला.

ती भट्टी म्हणजे जाड पत्र्याची लांबलचक उघडी पेटी. झाकण नाही. वर लोखंडी जाळी, जाळीला दोन्ही बाजूंनी साखळदंड, आणि ते गुंडाळायला एका टोकाला चाक. रहाटाला असावं तसं. आग मोठी झाली की चाक फिरवून जाळी वर घ्यायची, मंदावली की खाली सोडायची. गॅसचं बटण नाही की हवेची झडप नाही. मांस आणि निखारा यांच्यात किती वीत अंतर, एवढाच सगळा हिशोब. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की भडका उडायचा आणि म्हातारा तिकडं न बघता चाकाला अर्धा फेरा द्यायचा. लग्नघरातली एक लहान मुलगी ते चाक फिरवायला मागत होती. त्यानं तिला एकदा फिरवू दिलं आणि तेवढ्यात एक कडा करपली. ती कडा कापून त्यानं माझ्या हातावर ठेवली. "ही भट्टीवाल्याची मजुरी."

लाकूड तिथलंच. डोंगरउतारावर जी सदाहरित ओकची झाडं दिसतात, ज्यांच्या आतल्या सालीचा आणि लाकडाचा रंग तांबूस, त्यांना गावात 'रेड ओक' म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात त्याचं नाव वेगळं आहे. गंमत म्हणजे न्यू जर्सीचा राज्यवृक्षही रेड ओकच, पण तो निराळा, पानझडी. आणि आमच्या एडिसन-इझलिनच्या ज्या ओक ट्री रोडवर चकलीच्या भाजणीपासून तुळशीच्या रोपापर्यंत सगळं मिळतं, तिथं ओकचं सरपण तेवढं मिळत नाही.

मसाला मीठ, मिरी, लसूण. बास. आपल्या जिभेला हे ऐकताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मी म्हाताऱ्याला विचारलं, आणखी काहीच नाही? त्यानं धुराकडं बोट केलं. सोबत 'पिंकिटो' नावाच्या, त्याच खोऱ्यात पिकणाऱ्या बारीक गुलाबी घेवड्याची उसळ, लोण्यात बुडवून भाजलेला लसणीचा पाव, पाला आणि चटणी. या बेताचा गावाला एवढा अभिमान की 1978 साली तिथल्या व्यापारी मंडळानं या थाळीचा कॉपीराइटच नोंदवून घेतला. थाळीचा कॉपीराइट! आपल्याकडं कोल्हापूरकरांनी तांबड्या-पांढऱ्याचा असा काही कागद करून घेतला तर पुण्यात निम्म्या पाट्या उतराव्या लागतील.

पण ही भट्टी ट्राय-टिपहून खूप जुनी. 1830च्या दशकात मेक्सिकन सरकारनं इथली ख्रिस्ती मिशनं मोडीत काढली आणि त्यांच्या जमिनी मोठ्या गुरांच्या जहागिऱ्या झाल्या. मूळचे चुमाश लोक आधी मिशनमध्ये राबत होते, मग जहागिरीवर राबू लागले. गुरं वळणाऱ्या घोडेस्वारांत, ज्यांना 'वाकेरो' म्हणत, तेही होते. वासरांना डाग द्यायचा हंगाम आला की शेजारपाजारचे सगळे मदतीला यायचे आणि काम संपलं की ओकच्या निखाऱ्यांवर मांस भाजून जेवण व्हायचं. आपल्याकडचं इर्जिक म्हणा ना.

तरीही त्या काळात गुरांचा धंदा मांसाचा नव्हताच. बोस्टनहून जहाजं यायची ती कातडी आणि चरबी न्यायला. वाळल्या कातड्यांना 'कॅलिफोर्नियाच्या नोटा' असं म्हणत; त्या देऊन साखर, कापड, बूट घ्यायचे. रिचर्ड हेन्री डेना या बोस्टनच्या तरुणानं खलाशी होऊन याच किनाऱ्यावर डोक्यावरून कातडी वाहिली आणि 1840 साली त्यावर पुस्तक लिहिलं. कत्तलीच्या हंगामात कातडं सोलायचं, चरबी कढवायची, मांसातलं निवडक तेवढं लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालायचं, आणि बाकीचं माळावर गिधाडांना, अस्वलांना. पुढं 1861-62 च्या हिवाळ्यात महापूर आले, त्यामागोमाग 1864 पर्यंत दुष्काळ पडला, आणि त्या जहागिऱ्या गुरांसकट मोडल्या. भट्टी राहिली. 1931 साली सांता मारिया क्लबनं दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी पुरुषांची पंगत सुरू केली, तिला सातशेपर्यंत पानं उठायची. तिथं भाजायचे ते जाडजूड सरलॉइनचे ठोकळे, सळईत ओवून. त्रिकोण त्यानंतर वीसेक वर्षांनी मागच्या दारानं आला आणि आज गावाबाहेर सांता मारियाचं नाव निघतं ते त्याच्यामुळं.

मांसाच्या पट्ट्या दोरीवर वाळत घातलेल्या. तिथल्या जुन्या इतिहासात हे वाचत होतो आणि मला वास आला तो कॅलिफोर्नियाचा नव्हे.

माझ्या आजीच्या अंगणात, लातूर जिल्ह्यातल्या एका गावात, त्या पट्ट्यांना चान्या म्हणत. मी स्वतः त्या दोरीवर पाहिल्या नाहीत, आईनं पाहिल्यात. कडक वाळल्या की मडक्यात भरून ठेवायच्या, पावसाळ्यात काढायच्या, चुलीच्या निखाऱ्यावर भाजून पोरांच्या हातावर द्यायच्या किंवा डाळीत सोडायच्या. आमच्या वस्तीवर गावातली मेलेली गुरं ओढायचं काम होतं आणि त्या कामाचा मोबदला म्हणजे ते मांस. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितलं. आमच्या गावापर्यंत तो शब्द पोचायला आणि पाळला जायला वेळ लागला, पण पाळला गेला. आजीच्या सासऱ्यांनी मेलेलं जनावर ओढणार नाही असं सांगितलं तेव्हा गावानं दोन वर्षं शेतावर काम दिलं नाही. धर्मांतरानंतर आमच्या घरात मेलेल्याचं नावही निघालं नाही. तालुक्याच्या बाजारात खाटकाकडचं विकत घेतलेलं मात्र येत राहिलं, कारण शेळीच्या मटणाचा भाव आवाक्यात नव्हता. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांचं हे सगळं स्वयंपाकघर लिहून ठेवलंय. पुस्तक आलं 2015 साली.

त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात कायदा बदलला. गाईच्या कत्तलीवर बंदी 1976 च्या कायद्यानं होतीच. बैल आणि वळूही तिच्यात घालणारी दुरुस्ती विधिमंडळानं 1995 साली केली होती, तिला राष्ट्रपतींची मंजुरी वीस वर्षांनी मिळाली. कत्तल केली तर पाच वर्षांपर्यंत कैद, मांस जवळ बाळगलं तर एक वर्षापर्यंत. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हैस-रेडा कायद्यात नाही. आईच्या बाजारातला खाटीक आता म्हशीचं विकतो आणि गिऱ्हाईक आलं की आधी त्याचा चेहरा बघतो. दिवाळी अंकात हा विषय कशाला, असं विचारणारे असतील. माझ्या आजोळी दिवाळीलाही हेच शिजायचं, एवढंच माझं उत्तर.

पण मला आईकडून हवी होती ती दुसरीच माहिती. आई सध्या सहा महिन्यांच्या मुक्कामाला इथं आहे. मी तिला विचारलं, या तुकड्याला तुम्ही काय म्हणायचात? मला वाटलं एखादा झकास ठसठशीत शब्द निघेल आणि जर्मन नगराध्यक्षाशेजारी मांडता येईल. काळजाला, फुप्फुसाला, आतड्याला, रक्ताला, नळीला आमच्याकडं नावं होती. खुब्यावरच्या या त्रिकोणाला?

"त्याला कशाला नाव लागतंय?" आई म्हणाली. "ते वाट्यात जायचं."

मग तिनं वाट्याची पद्धत सांगितली. जनावर कापलं की पळसाची पानं ओळीनं मांडायची. जितकी घरं, तितकी पानं. प्रत्येक पानावर थोडं मऊ मांस, थोडं चिवट, काळजाचा एक तुकडा, वजडीचा एक, चरबीची फोड, एखादं हाडूक. ताजवा नाही, डोळा हाच ताजवा. एका पानावरची फोड उचलून दुसऱ्यावर, परत पहिल्यावर, असं सगळ्यांचं समाधान होईपर्यंत. शेवटी एकाला पाठ करून उभं करायचं. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारणार, "हा कुणाचा?" आणि पाठमोरा माणूस न बघता नाव घेणार. झालं. तक्रार नाही.

मला ते ऐकून जरा हसूच आलं स्वतःचं. चार दुकानं फिरलो मी ज्या तुकड्यासाठी, त्याला इथं नाव आहे, गुण आहेत, काचेमागं जागा आहे, एवढंच काय, क्रमांक आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या मांसखरेदीच्या यादीत ट्राय-टिपचा क्रमांक 185 सी. 1967 मध्ये आयबीपी कंपनीनं अख्ख्या धडांऐवजी कापून, पिशव्यांत बंद केलेलं मांस खोक्यांतून पाठवायला सुरुवात केली आणि तेव्हापासून ज्याला जो क्रमांक हवा तो तेवढाच खोक्यानं मागवू शकतो. जनावराचं बाकीचं काय झालं हे त्यानं विचारायचं कारण नाही. आणि ज्याला जे चालत नाही ते तो बाजूला सारू शकतो. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या ज्यूंच्या कोशर खाटकांकडं जनावराचा मागचा अर्धा भाग बहुधा येतच नाही; मांडीतली निषिद्ध नस काढत बसण्यापेक्षा तो दुसऱ्या बाजारात विकलेला परवडतो. एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या लोकांत जनावर वाटायचं तर तुकड्यांना नावं आणि आकडे हवेतच. वाट्याला ती लागत नाहीत. तिथं प्रत्येक जण दुसऱ्याच्या पानाकडं बघत उभा असतो.

वाट्याचं मी कौतुक करत नाही. त्या वाट्यात बसायला गावाबाहेर राहावं लागायचं. आणि हेही खरं की ट्राय-टिप सगळ्या पानांवर फोडी होऊन विखुरला असता, तर त्याला लाकडाच्या धगीवर अख्खा ठेवला की तो काय होतो हे कुणालाच कळलं नसतं.

गुरुवारी मी दुकानात पोचलो तेव्हा कराचीवाल्यानं मागचा अर्धा भाग आकड्याला टांगून ठेवला होता. "दिखाइये फिर अपना तिकोना." मी पुन्हा खुब्यावर बोट नेऊ लागलो तसा तो म्हणाला, "मेरा मतलब इस पर." मी दाखवलं. त्यानं आधी बाहेरची चरबी बोटांनी चाचपली, मग सुरीचं टोक असं घातलं की कापल्याचा आवाजच झाला नाही. स्नायू आणि स्नायू यांच्यामध्ये कोबीच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो. त्या पडद्यातून सुरी सरकत गेली. कापलं कमी, सोडवलं जास्त. दीडेक मिनिटात त्रिकोण त्याच्या तळहातावर होता. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. तीस वर्षं ज्याचा कीमा केला त्याच्याकडं माणूस जसा बघेल तसा.

"रेशा देख रहे हैं?" तो म्हणाला. "इधर से ऐसे आता है, और यहाँ से मुड़ जाता है."

कॅलिफोर्नियातल्या त्या फसलेल्या दिवसाचा उलगडा त्या एका वाक्यात झाला. या तुकड्यात मांसाचे धागे एका दिशेनं जात नाहीत. अर्ध्यावर, बाक येतो तिथं, ते जवळजवळ काटकोनात वळतात. म्हणून भाजून झाल्यावर आधी त्या वळणावर दोन भाग करायचे आणि मग प्रत्येक भाग त्याच्या त्याच्या धाग्याला आडवा कापायचा. मी एकाच दिशेनं लांबच्या लांब कापत गेलो होतो. प्रत्येक घासात अख्खा धागा आला होता, सुंभ दुसरं काय.

शनिवारी आमच्याकडं सात जण. माझ्या शेगडीला चाक नाही. ती गोल, झाकणाची. म्हणून निखारे एका बाजूला लोटले आणि दुसरी बाजू रिकामी ठेवली. आदल्या दिवशी मीठ चोळून ठेवलं होतं, सकाळी मिरी आणि लसूण. लाकडाचा प्रश्न शेजाऱ्यानं सोडवला: त्याच्या अंगणातला रेड ओक, न्यू जर्सीचा, मागच्या वादळात पडला होता. आधी रिकाम्या बाजूला, झाकण लावून, सावकाश. मांसाच्या पोटात 46-47 अंश झाल्यावर उचलून थेट निखाऱ्यांवर, चरबीची बाजू खाली. भडका उडाला. मी चाक फिरवायला हात पुढं केला आणि तिथं चाक नव्हतं. चिमट्यानं उचलून धरून उभा राहिलो, डोळ्यांत धूर. 54 ला काढलं. सरकारी सल्ला 63 चा आहे, तो माहीत असू द्या आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर पाळा. मग पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. ही पंधरा मिनिटं सगळ्यांत अवघड. लगेच कापलं तर रस फळीवर सांडतो आणि पाहुण्यांसमोर आपली अब्रू त्यातून वाहून जाते.

पिंकिटो घेवडा मिळाला नाही. आईनं बारीक राजम्याची उसळ केली, त्यात काळा मसाला घातला. सांता मारियाच्या व्यापारी मंडळानं खटला भरला तर तिचं नाव सांगेन.

वळणावर दोन भाग केले, आडव्या चकत्या पाडल्या. टोकाकडं, जिथं त्रिकोण पातळ होतो, तिथं पूर्ण शिजलेलं तपकिरी. मधल्या जाड भागात आत गुलाबी. मी थाळी टेबलाच्या मधोमध ठेवायला निघालो तर आईनं ती माझ्या हातातून घेतली.

"किती माणसं हायत?"

"सात."

तिनं अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचे तुकडे फाडले आणि ओट्यावर ओळीनं मांडले. प्रत्येकावर दोन चकत्या टोकाकडच्या, दोन मधल्या, एक करपलेल्या कडेची. कमी-जास्त वाटलं की इकडची उचलून तिकडं. आमच्यातला एक जण बीफ खात नाही. तोच तो, कॅलिफोर्नियाच्या सहलीतला कणीसवाला. त्याच्या कागदावर तिनं भाजलेलं कणीस आणि उसळ ठेवली, पण त्याचा कागद ओळीतून काढला नाही. मी मोजले. आठ होते.

"आठवा कुणाचा?"

"कापलं कुणी जनावर? मग त्याचा नको व्हय?"

मला पाठ करून उभं राहायला सांगितलं. मी फ्रिजकडं तोंड केलं. मागून एकेका कागदाची चुरचुर ऐकू येत होती. "हा कुणाचा?" मी नावं घेत गेलो.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत मी तो आठवा वाटा कराचीवाल्याकडं घेऊन गेलो. त्यानं हात धुतले, कागद उघडला, एक चकती उचलून दिव्यासमोर धरली, धागे कुठल्या दिशेला आहेत ते पाहिलं आणि उभ्या उभ्याच खाल्ली. मग दुसरी. करपलेली कडा त्यानं शेवटाला ठेवली. काउंटरवरचा भुसा झटकत त्यानं मला विचारलं, "दूसरी तरफ वाला अभी लटका हुआ है. रख दूँ?"